एका लडीचा गळपट्टा

सेनगावकरांना लोकर नवी नाही. दख्खनी मेंढीच्या राठ लोकरीचा ताणा चिंचोक्याच्या खळीने ताठ करून मागावर विणलेली घोंगडी आपण सर्वांनी पांघरली आहे. परंतु एखाद्या भगिनीजवळ परगावाहून आलेली मऊ लोकरीची एकच लड असते आणि त्या रंगाची दुसरी मिळण्याची आशा नसते. तेवढ्यात गळपट्टा कसा व्हावा?

याचे उत्तर जाळीत आहे. भोकांना लोकर लागत नाही, म्हणून थोडक्या लोकरीत लांबी साधते. प्रथम लड उलगडून तिचा गुंडा करावा. नाहीतर गुंता होतो. जाड सुईवर 31 टाके घालून पाच ओळी सुलट विणाव्यात. सहाव्या ओळीत पहिला टाका सुलट. नंतर सुईवर लोकरीचा एक वेढा घ्यावा व पुढील दोन टाके एकत्र विणावेत. असे शेवटपर्यंत करावे. वेढ्याने एक टाका वाढतो, जोडीने एक घटतो; म्हणून 15 भोके पडूनही टाके 31 च राहतात. ते मोजावेत, म्हणजे चूक तेथेच सापडते. याच सहा ओळी पुनःपुन्हा विणाव्यात.

रुंदीच्या चौपट लोकर उरली की टाके बंद करावेत. शेवटी गळपट्टा भिजवून, न पिळता, ताणून सपाट वाळवावा. तेव्हाच जाळी मोकळी होते आणि एकच लड पुरी पडते.