पाठीवरून हुकावर: शाहूपुरीतल्या ओझ्याचा मागोवा

राजर्षी शाहू महाराजांनी 1895 साली गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी वसवली. त्याआधी चार वर्षे, 1891 मध्ये, मिरजेहून रेल्वे कोल्हापुरात पोहोचली होती. गुऱ्हाळातला गूळ बैलगाडीने पेठेत यायचा, अडतीत उतरायचा आणि सौदा झाला की पुढच्या वाटेला लागायचा. चढवण्या-उतरवण्याचे हे सगळे काम हमालाच्या पाठीवर होते. कोल्हापुरी गुळाचा मोठा रवा साधारण 30 किलोचा. तो उचलणाऱ्याला वजन कुणी लिहून द्यावे लागत नसे, कारण किती झेपते ते त्याची कंबर सांगत असे.

पुढे गुळाचे सौदे मार्केट यार्डात गेले आणि शाहूपुरीत मोटारी, पंप, पाईप, यंत्रांचे सुटे भाग यांची दुकाने वाढली. शेजारच्या उद्यमनगरात आणि नंतर शिरोली, गोकुळ शिरगावला फाउंड्र्या उभ्या राहिल्या. ओझे लोखंडाचे झाले, तसे ते उचलायला चेनब्लॉक, क्रेन, हायड्रा आले. या बदलात एक गोष्ट हरवली. पाठ दुखून इशारा देते. साखळी मात्र तुटेपर्यंत गप्प असते. म्हणून यंत्राने किती उचलावे हे त्याच्यावर लिहिणे भाग पडले. त्या लिहिण्याचा इतिहास हाच या मागोव्याचा विषय आहे.

त्याची सुरुवात बंदरांवर झाली. खोक्याचे वजन ठाऊक नसताना ते उचलले तर क्रेन तुटते आणि खाली उभे असलेले गोदी कामगार जिवाला मुकतात. म्हणून आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1929 साली करार केला: जहाजाने जाणाऱ्या एक टन किंवा त्याहून जड नगावर त्याचे वजन ठळक लिहिले पाहिजे. भारताने तो 1931 मध्ये मान्य केला आणि 1951 मध्ये जड नगांवर वजन लिहिण्याचा स्वतंत्र कायदा केला.

नगावरचे वजन ही एक बाजू. उचलणाऱ्या यंत्राची क्षमता ही दुसरी. ती 1948 च्या कारखाना कायद्याच्या कलम 29 ने सांभाळली. क्रेन, चेनब्लॉक, साखळी, दोर, हुक या प्रत्येकावर सुरक्षित भार आणि ओळख क्रमांक स्पष्ट दिसला पाहिजे, त्याची नोंद रजिस्टरात हवी, बारा महिन्यांतून एकदा तरी सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी हवी आणि त्या भारापलीकडे काहीही उचलायचे नाही, असा त्याचा दंडक होता. कारखान्यातल्या हॉइस्ट आणि लिफ्टसाठी कलम 28 आणखी कडक होते: तपासणी दर सहा महिन्यांनी. माझ्या मते भारतातल्या कामगाराला मिळालेल्या चांगल्या कलमांत कलम 29 चे स्थान फार वरचे आहे.

माणसाच्या पाठीचा विचार कायद्यात उशिरा आला. महाराष्ट्राने 1969 मध्ये माथाडी कायदा केला आणि हमालाला मंडळाचे, मजुरीचे, कल्याणाचे संरक्षण दिले. एका माणसाने 55 किलोपेक्षा जास्त ओझे वाहू नये, या 1967 च्या आंतरराष्ट्रीय मर्यादेशी निगडित कराराला भारताने 2010 मध्ये मान्यता दिली.

आता शाहूपुरीच्या रस्त्यावर या. 2005 मध्ये ‘छोटा हत्ती’ हा लहान मालवाहू टेम्पो आला आणि बोळाबोळांतून माल पोहोचू लागला. मोठ्या ट्रकांना मागे हायड्रॉलिक फळी, म्हणजे टेललिफ्ट, बसू लागली. काहींवर छोटी क्रेनही असते. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 58 प्रमाणे ट्रकवर रिकामे वजन, एकूण वजन, टायरचा तपशील आणि ॲक्सलचे वजन लिहावे लागते. 2018 मध्ये दोन ॲक्सलच्या ट्रकची मर्यादा 16.2 टनांवरून 18.5 टनांवर गेली, तीही याच नोंदीत मोडते. पण या यादीत गाडीवरच्या उचलयंत्राची क्षमता नाही. आणि कलम 29 होते ते कारखान्यातल्या यंत्रांसाठी. फाउंड्रीत आकडा लिहिलेल्या क्रेनखालून निघालेले कास्टिंग शाहूपुरीच्या दुकानासमोर उतरताना कोणत्या आकड्याखाली उतरते, हा प्रश्न गेटबाहेर उघडाच राहतो.

हे फक्त लोखंडापुरते नाही. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतून मंडळांच्या उंच गणेशमूर्ती निघतात, तेव्हाही पट्टा आणि हुक लागतो. पट्ट्याच्या रंगात त्याची क्षमता सांगितलेली असते: जांभळा एक टन, हिरवा दोन, पिवळा तीन. पण कोन बदलला की हिशेब बदलतो. दोन पट्ट्यांमधला कोन 120 अंशांचा झाला, तर प्रत्येक पट्ट्यावर पूर्ण ओझ्याइतकाच ताण येतो. दोन लावून एकाचेच बळ मिळते. मूर्तीला हार घालायला माणसालाच क्रेनच्या हुकाबरोबर वर पाठवणारे कार्यकर्तेही आपण पाहतो. मालासाठी केलेले यंत्र माणसाला उचलण्यासाठी नसते, आणि ते यंत्रावरच लिहिलेले असायला हवे.

ब्रिटनमध्ये डिसेंबर 1998 पासून नेमके हेच बंधन आहे. सुरक्षित भार लिहायचा, माणसांसाठी नसलेले यंत्र चुकून तसे वापरले जाण्याची शक्यता असेल तर तशी खूण करायची. आणि हे रस्त्यावर काम करणाऱ्या टेललिफ्टलाही लागू आहे. जर्मनीत फळी उघडून काम चालू असताना पिवळे लुकलुकणारे दिवे आणि तांबड्या-पांढऱ्या पट्ट्या लागतात, कारण मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला ती आडवी फळी दिसतच नाही. आपल्याकडे ट्रकला पुढे पांढरी, मागे तांबडी, बाजूला पिवळी परावर्तक पट्टी लावतात. पण फळी खाली आली की ती पट्टीच्या पुढे रस्त्यात येते.

1948 च्या कारखाना कायद्याची जागा घेणारी 2020 ची व्यावसायिक सुरक्षा संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. तिने विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या मूळच्या दहा कामगारांवरून वीसवर नेली. छोट्या वर्कशॉपांनी भरलेल्या कोल्हापूरसाठी ही चिंतेची बाब आहे: आकडा लिहिणे ज्यांना बंधनकारक आहे, त्यांचे वर्तुळ आखडते आहे.

ते रुंदावण्याचा मार्ग हाताशी आहे. प्रत्येक मालवाहू गाडीला फिटनेस तपासणीला जावेच लागते. आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. त्याच वेळी फळी, क्रेन, चेनब्लॉक यांच्यावरची पाटी तपासावी. पाटी मराठीत असावी: क्षमता किलोत, ओळख क्रमांक, शेवटच्या तपासणीची तारीख आणि ‘माणसाने चढू नये’. शासन हे करीपर्यंत शाहूपुरीतल्या व्यापाऱ्यांनी आणि मंडळांनी पाटी नसलेली गाडी किंवा क्रेन भाड्याने घेऊ नये. आकडा लिहिलेला असला की ‘एवढे यावर उचलणार नाही’ म्हणणाऱ्या हमालाच्या बाजूने कायदा उभा राहतो. तो नसला तर मालकाच्या घाईपुढे हमाल एकटा पडतो, आणि ही पेठ उभी राहिली ती त्याच्याच श्रमावर.