तातडीच्या रुग्णाबरोबर कोणती माहिती न्यावी?

शेतीकाम हे उघड्यावरचे काम असल्याने त्यातील अपघातही बहुधा घरापासून व दवाखान्यापासून दूरच घडतात. पावसाळा सुरू झाला म्हणजे ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांच्या अपघात विभागात शेतावरून आणलेले रुग्ण येऊ लागतात. कुणाला पेंढा उचलताना विंचवाने नांगी मारलेली असते, कुणाच्या पायास बांधावर घोणस डसलेली असते, तर कुणी कपाशीवर फवारणी करता करता भोवळ येऊन पडलेला असतो. अशा वेळी उपचाराची दिशा ठरविण्यास डॉक्टरांपाशी फार थोडा अवधी असतो. त्या अवधीत त्यांना मोठे साहाय्य होते ते रुग्णाबरोबर आलेल्या माणसाने सांगितलेल्या हकिकतीचे. रुग्णाला उचलून गाडीत घालणारे लोक गावात पुष्कळ असतात. परंतु नेमके काय घडले, किती वाजता घडले आणि त्यानंतर काय केले गेले, हे सांगू शकणारा माणूस बरोबर असेलच असे नाही.

या हकिकतीवर किती अवलंबून असते, हे एका साध्या तुलनेवरून लक्षात येईल. समजा, एकाच संध्याकाळी दोन रुग्ण आणले गेले. दोघांनाही दरदरून घाम सुटला आहे, तोंडातून लाळ गळत आहे, उलट्या होत आहेत आणि श्वास लागला आहे. एकास लाल विंचू चावला आहे. दुसऱ्याच्या अंगात सेंद्रिय फॉस्फरस वर्गातील कीटकनाशक भिनले आहे. दुसऱ्या रुग्णाचा जीव अॅट्रोपिन या औषधावर वाचतो व ते त्याला पुन्हा पुन्हा द्यावे लागते. विंचूदंशाच्या रुग्णास मात्र तेच अॅट्रोपिन अपायकारक ठरू शकते, म्हणून ते सामान्यतः टाळले जाते. डोळ्यांच्या बाहुल्या, नाडी, रक्तदाब यांवरून डॉक्टर फरक ओळखतात हे खरे. कीटकनाशकाच्या विषबाधेत बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक झालेल्या असतात. तथापि "हा दुपारपासून फवारणी करीत होता" किंवा "ह्याने लाकडाच्या ढिगात हात घातला होता" या एका वाक्याने जे काम होते, ते तपासणीने व्हावयास वेळ लागतो.

विंचूदंशाची गोष्ट आपल्या राज्यापुरती विशेष सांगण्याजोगी आहे. कोकणातील जांभ्या दगडाच्या भेगा, गवताच्या गंज्या, कौलारू घरांचे आढे आणि सरपणाचे ढीग हे लाल विंचवाचे आवडते आश्रय होत. लोक भितात ते मोठ्या काळ्या विंचवाला, म्हणजे इंगळीला. परंतु प्राणघातक ठरतो तो आकाराने लहान असा लाल विंचू. डॉ. हिंमतराव बावस्कर हे १९७६ साली महाड तालुक्यातील बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, त्या वेळी या विंचवाच्या दंशाने धडधाकट मुले व तरुण माणसे डोळ्यांदेखत दगावत असत. आजचा रायगड जिल्हा तेव्हा कुलाबा या नावाने ओळखला जाई. मृत्यू नेमका कशाने येतो याविषयी पुरेशी स्पष्टता नव्हती आणि जी औषधे दिली जात त्यांचा फारसा गुण येत नसे. डॉ. बावस्करांनी रुग्णांपाशी तासन् तास बसून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांच्या नोंदी ठेवण्यास आरंभ केला. त्यांतून निघालेला निबंध १९८२ साली इंग्लंडमधील 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

त्या नोंदींवरून असे दिसून आले की विंचवाच्या विषाने शरीरातील मज्जातंतू एकाएकी चेतविले जातात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, आणि त्या आवळलेल्या वाहिन्यांत रक्त ढकलता ढकलता हृदय थकून जाते. मग फुप्फुसांत पाणी साचते, खोकल्याबरोबर गुलाबी फेस येऊ लागतो आणि रुग्ण गुदमरतो. बंद पडलेल्या पाटाच्या तोंडाशी पंप जोराने चालवीत राहावे, तशीच ही अवस्था होय. यावर उपाय म्हणजे वाहिन्या मोकळ्या करणे. रक्तदाबावर वापरली जाणारी प्राझोसिन नावाची स्वस्त गोळी या कामी उपयोगी पडते, हे डॉ. बावस्कर व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी १९८६ साली प्रसिद्ध केले. पुढे २०११ साली त्यांनीच महाड येथील ७० रुग्णांवर केलेला अभ्यास 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. केवळ प्राझोसिन दिलेल्या रुग्णांस बरे होण्यास सरासरी सुमारे १८ तास लागले. प्राझोसिनच्या जोडीस विंचवाची प्रतिविष लस दिलेले रुग्ण सरासरी ८ तासांत बरे झाले. जेथे पूर्वी तीव्र लक्षणांच्या शंभर रुग्णांपैकी तीसएक दगावत, तेथे वेळेवर उपचार मिळाल्यास आता एखादाच दगावतो. डॉ. बावस्करांना २०२२ साली पद्मश्री देण्यात आली.

ग्रामकार्यकर्त्यांच्या दृष्टीने यांतील महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. विंचू चावल्यावर जो रुग्ण वेदनेने आरडाओरडा करीत असतो, त्याच्या जिवाला धोका बहुधा कमी असतो. ज्याच्या दंशाच्या जागी फारशी वेदना नाही, परंतु जो घामाने भिजला आहे, ज्याला उलटी झाली आहे व ज्याचे हातपाय गार पडले आहेत, त्याची खरी काळजी केली पाहिजे. मुलगा वा पुरुष असल्यास इंद्रियास ताठरपणा येणे हेही विष अंगात भिनल्याचे निश्चित चिन्ह आहे. संकोचामुळे हे लक्षण घरची माणसे सांगत नाहीत. ते डॉक्टरांना निःसंकोचपणे सांगावे. गावातील भगताची कीर्ती याच विसंगतीवर उभी असते, असे आमचे मत आहे. पुष्कळ दंशांत विष थोडे असते, ठणका काही तासांत आपोआप ओसरतो, आणि श्रेय अंगाऱ्याला मिळते. ज्या मुलाच्या अंगात विष अधिक गेले आहे, ते बिचारे मुकाट्याने घामाघूम होऊन पडलेले असते. त्याला घेऊन भगतापुढे तासभर बसणे म्हणजे औषधाला दिलेला तेवढा उशीरच होय.

सर्पदंशाकडे वळू. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे चार विषारी साप मनुष्यहानीस मुख्यत्वे कारणीभूत होतात, आणि रुग्णालयात मिळणारी प्रतिविष लस या चारही सापांच्या विषावर चालते. त्यामुळे साप मारून वा पकडून दवाखान्यात नेण्याचे काहीच प्रयोजन उरत नाही. त्या खटाटोपात दुसऱ्या माणसास दंश झाल्याची उदाहरणे घडतात, आणि मेलेल्या सापाचे डोकेही काही काळ चावू शकते. दुरून छायाचित्र सहज मिळाले तर ठीक, नाहीतर त्याची अपेक्षा धरू नये.

या चारांत फसविणारा साप मण्यार होय. तो रात्री हिंडतो, जमिनीवर झोपलेल्या माणसास झोपेतच चावतो, दंश बहुधा दुखत नाही आणि दातांची खूणही पुष्कळदा दिसत नाही. पहाटे पोटात कळा येतात, उलटी होते, घसा आवळल्यासारखा वाटतो. घरची माणसे अजीर्ण समजून ओवा किंवा हिंग देतात, आणि दवाखान्यातही तो पोटदुखीचा रुग्ण म्हणूनच दाखल होण्याचा संभव असतो. थोड्या वेळाने पापण्या जड होऊन खाली येऊ लागतात, बोलणे अस्पष्ट होते आणि श्वासाचे स्नायू लुळे पडतात. अशा रुग्णाबरोबर गेलेल्या माणसाने "हा रात्री भुईवर झोपला होता" एवढे जरी आपण होऊन सांगितले, तरी डॉक्टरांची नजर पोटावरून पापण्यांकडे वळते. श्वास बंद पडत चालला तर रबरी फुग्याने किंवा यंत्राने तो चालू ठेवतात. असे रुग्ण काही दिवसांनी आपल्या पायांनी घरी गेलेले आहेत. खाटेवर झोपणे व मच्छरदाणी गादीखाली खोचून घेणे हा मण्यारीपासून बचावाचा उत्तम उपाय आहे.

घोणस व फुरसे यांचे विष रक्तावर चालते. ते ओळखण्यासाठी करावयाची चाचणी इतकी साधी आहे की तिला यंत्र लागत नाही. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत रुग्णाचे दोन मिलीलिटर रक्त घेऊन ती वीस मिनिटे न हलविता ठेवतात. नळी कलती केल्यावर रक्त पातळच राहिले असेल तर विषाने रक्त गोठण्याची शक्ती नष्ट केली आहे, असे समजतात. ही वीस मिनिटे नातेवाइकांस फार लांब वाटतात व "इंजेक्शन का देत नाही?" असा वाद सुरू होतो. प्रत्येक दंशात विष अंगात जातेच असे नाही. लसीचीही कित्येकांस तीव्र वावडी येते. म्हणून विषाची लक्षणे दिसल्यावरच ती देतात. लहान मुलाला मोठ्या माणसाइतकीच लस दिली जाते याचेही पुष्कळांना नवल वाटते. साप माणूस पाहून विष कमी सोडत नाही, हे त्याचे कारण. घोणशीच्या विषाने मूत्रपिंडे बिघडतात, तेव्हा रुग्णास लघवी केव्हा झाली होती व तिचा रंग कसा होता, हेही लक्षात ठेवून सांगावे.

वाटेतील उपचार थोडेच आहेत. चावलेला हात किंवा पाय मोडलेल्या हाडाप्रमाणे फळीला सैलसर बांधून स्थिर ठेवावा. अंगठी, बांगड्या, जोडवी, पैंजण सूज येण्यापूर्वीच काढून घ्यावेत. रुग्णास चालवू नये. जखम कापू नये, चोखू नये, तीवर बर्फ वा पालेभाजीचा लेप लावू नये. करकचून दोरी बांधण्याची रूढी अजून गेलेली नाही. फुरशाच्या दंशात तिच्यामुळे अवयव सडण्याची भीती असते. मात्र कुणी आधीच घट्ट बांधले असेल तर ते वाटेत एकदम सोडू नये, कारण अडलेले विष एकाएकी अंगात पसरते. किती वाजता बांधले ते सांगावे आणि सोडण्याचे काम डॉक्टरांवर सोपवावे.

फवारणीच्या विषबाधेविषयी बोलताना यवतमाळ जिल्ह्याचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. २०१७ च्या खरिपात तेथे शेकडो शेतकरी व शेतमजुरांस रुग्णालयात दाखल करावे लागले आणि वीसहून अधिक माणसे प्राणांस मुकली. कपाशी माणसाच्या उंचीपर्यंत वाढली होती, त्यामुळे फवारा तोंडावर व छातीवर येत होता. अंगावर संरक्षक कपडे नव्हते. दोन-तीन औषधे एकत्र मिसळून मारण्याचा प्रघातही होता. अपघात विभागाची अडचण या मिश्रणाने फार वाढते. सेंद्रिय फॉस्फरस वर्गावर अॅट्रोपिन आहे. परंतु कित्येक कीटकनाशकांवर नेमका उतारा नसल्याने केवळ लक्षणांवर उपचार करावे लागतात. डब्यात काय होते हेच ठाऊक नसेल, तर डॉक्टरांनी काय करावे? म्हणून रिकामा डबा, वेष्टन किंवा माहितीपत्रक रुग्णाबरोबर नेलेच पाहिजे. डब्यावरील त्रिकोणाचा रंग विषाची तीव्रता दाखवितो. लाल त्रिकोण सर्वांत विषारी, त्याखाली अनुक्रमे पिवळा, निळा व हिरवा. माहितीपत्रकावर उताऱ्याचे नावही छापलेले असते.

हे विष कातडीतूनही शिरते, याचा पुष्कळांना विसर पडतो. रुग्णाचे भिजलेले कपडे जागेवरच काढून अंग, केस व नखे साबणाने व भरपूर पाण्याने धुवावीत, व मगच गाडीत घालावे. मात्र शुद्ध हरपत असेल किंवा श्वास अडखळत असेल, तर धुण्यात वेळ दवडू नये. धुणाऱ्याने आपले हात प्लास्टिकच्या पिशवीत घालून घ्यावेत. बळेच मीठपाणी पाजून उलटी करविणे अत्यंत घातक आहे. गुंगीत असलेल्या माणसाच्या फुप्फुसात ती उलटी जाते.

मळणीयंत्रात किंवा कडबाकुट्टीत हात सापडण्याचे अपघातही कमी नाहीत. स्वच्छ कपड्याने जखम घट्ट दाबून धरावी. तुटलेले बोट ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळून पिशवीत घालावे व ती पिशवी बर्फात ठेवावी. बोट थेट बर्फात टाकल्यास ते जोडण्याजोगे राहत नाही.

राज्यात २०१४ सालापासून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. हा क्रमांक बहुतेकांना पाठ आहे. परंतु रात्री वस्तीवर गाडी येण्यास रस्ता कोणता, ओढ्याला पूर असेल तर पलीकडे कोणाची जीप उभी राहील, आणि जवळच्या कोणत्या केंद्रात प्रतिविष लस व प्राझोसिन शिल्लक आहे, याची चौकशी मृगाच्या आधी करून ठेवावी लागते. आशा सेविका व पोलीस पाटील यांनी मिळून आरोग्य केंद्रात एक फेरी मारली तरी हे काम होते.

रुग्ण घरी परतल्यावरही दोन-तीन गोष्टींकडे लक्ष असू द्यावे. सेंद्रिय फॉस्फरसच्या विषबाधेतून सावरलेल्या रुग्णास एक ते चार दिवसांत मान उचलणे जड जाऊ लागले किंवा श्वास अपुरा वाटू लागला, तर त्यास पुन्हा तातडीने रुग्णालयात न्यावे. सर्पविषाची लस घेतलेल्यास आठवड्या-दोन आठवड्यांनी ताप, सांधेदुखी व अंगाला खाज सुटली, तर तो लसीचा परिणाम असून त्यावर औषध मिळते. आणि फवारणीने आजारी पडलेल्या मजुरास त्या हंगामात पंप पुन्हा पाठीवर घेऊ देऊ नये. विषाने निकामी झालेला रक्तातील घटक भरून येण्यास कित्येक आठवडे लागतात, व तोवर थोड्याशा औषधानेही तो पुन्हा कोसळतो. तेवढ्या काळात त्यास निंदणीचे, वेचणीचे किंवा बैलजोडीमागचे काम द्यावे. मात्र नुकत्याच फवारलेल्या वावरात पाठवू नये.