वाताची गोळी आठवड्यातून एकदाच

सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळत नाही, दोन्ही हातांची बोटं सुजलेली, भाकरी थापायला हात उठत नाही. निंदणाला, कापूस वेचायला जाणाऱ्या आपल्या आयाबहिणी याला 'वात' म्हणून अंगावर काढतात. कामाने दुखणारा सांधा रात्रीच्या विश्रांतीने हलका होतो. हा मात्र झोपून उठल्यावरच जास्त आखडतो. याला आमवात म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. शरीराची रोगप्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते आणि उपचार लांबले की हाडं झिजून बोटं वाकडी होतात.

हा शहरातल्यांचा आजार, असं कुणी म्हटलं तर आम्ही भिगवणचं उदाहरण देतो. पुणे जिल्ह्यातल्या या गावात 1996 साली डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी घरोघरी पाहणी केली. गावातल्याच स्वयंसेवकांना शिकवून त्यांच्याकडून माहिती घेतली. शंभर प्रौढांत सुमारे अठरा जणांना हाडासांध्यांचं दुखणं निघालं, पण आमवात साधारण दोनशेत एकाला. म्हणजे प्रत्येक गुडघेदुखी आमवात नव्हे, आणि आमवात गावात नाही असंही नव्हे.

यावरचं मुख्य औषध मेथोट्रेक्सेट. 1985 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत ते आठवड्यातून एकदा, कमी मात्रेत देऊन पाहिलं आणि सूज उतरली. आजही ते तसंच देतात. गफलत होते ती इथेच. अकोल्याकडच्या एका बाईंनी ही गोळी बीपीच्या गोळीसारखी रोज घेतली. कुणी समजावून सांगितलं नव्हतं, आणि पाकिटावरचं इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं. आठ दिवसांत तोंडभर फोड आले, रक्तातल्या पेशी घसरल्या. त्या वाचल्या, पण रोजच्या गोळीने माणूस दगावूही शकतो.

म्हणून आम्ही बायांना सांगतो, तुमच्या गावचा बाजार ज्या दिवशी भरतो तोच गोळीचा दिवस. बाजार चुकत नाही, गोळीही चुकत नाही. फॉलिक अॅसिडची गोळी कोणत्या दिवशी, ते डॉक्टरांना विचारून घ्या. रक्ताची आणि लिव्हरची तपासणी सांगतील तेव्हा करा. दारू बंद. दिवस गेले असतील किंवा मूल हवं असेल तर हे औषध चालत नाही, ते आधीच सांगा. आणि झटक्यात आराम देणाऱ्या बिननावाच्या पुड्यांपासून सावध राहा, त्यांत अनेकदा स्टेरॉइड असतं.

एक गोष्ट खास आपल्या वस्त्यांसाठी. विदर्भात आपल्या समाजात सिकलसेल जास्त आढळतो आणि त्यातही सांधे ठणकतात, खुब्याचं हाड बाद होतं. लहान पोरगं पाय ओढत चालत असेल तर वाताचं तेल चोळत बसू नका. अमरावतीच्या इर्विनमध्ये किंवा अकोल्याच्या सर्वोपचारमध्ये नेऊन आधी सिकलसेलची तपासणी करून घ्या.

गोळ्यांचं पाकीट हातात पडलं की दुकानातच त्यावर पेनाने वार लिहून घ्या, मराठीत.