मोठी एमसीबी नको, योग्य तार हवी

प्रिय विद्यार्थी, पालक व विश्वस्त मंडळी,


गेल्या जानेवारीतली गोष्ट. आम्ही राहतो ती इंदूरमधली इमारत १९७८ सालची, आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. सकाळी गिझर, इंडक्शन शेगडी आणि इस्त्री एकदम चालू झाली की थोड्या वेळात मीटरजवळची २० अँपिअरची एमसीबी पडायची. बोलावलेला कारागीर म्हणाला, "सर, बत्तीस की डाल देते हैं, फिर नहीं गिरेगी." मी जवळजवळ हो म्हणालो होतो. पण त्याने झाकण काढले तेव्हा तारेवरचे आवरण काळे पडून तडकलेले दिसले. वर घरात ऐंशी वर्षांची आई आणि उतरायला एकच जिना. मी म्हटले, थांबा.

एमसीबी बसवतात ती मुख्यतः तारेच्या रक्षणासाठी. तार सोसेल त्याहून जास्त वीजप्रवाह वाहू लागला की ती पडते. तार तीच ठेवून एमसीबी मोठी केली, तर तार तापत राहील आणि तिला थांबवणारे कोणी उरणार नाही.

मग तार कोणती घ्यावी? आधी भार मोजावा. आमचा हिशेब असा : गिझर २००० वॅट, इंडक्शन १८००, इस्त्री १०००, फ्रिज-दिवे वगैरे १०००, एकूण ५८००. त्याला २३० व्होल्टने भागले की सुमारे २५ अँपिअर येतात.

आता नववी-दहावीचा ओमचा नियम आठवा. मी तो हिंदी माध्यमातून शिकलो, त्यामुळे तुमचा 'रोध' माझ्या तोंडी अजून 'प्रतिरोध' म्हणून येतो! आमची जुनी तार ४ चौरस मिलिमीटर ॲल्युमिनियमची. मीटरपासून घर २५ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन ५० मीटर. तिचा रोध सुमारे ०.३७ ओहम. २५ अँपिअरला ९ व्होल्ट वाटेतच जातात आणि जवळजवळ २३० वॅट उष्णता भिंतीतल्या पाइपात तयार होते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, हेही ध्यानात ठेवा.

तेवढ्याच अंतराला तांब्याची १० चौरस मिलिमीटरची तार घेतली, तर रोध ०.०९ ओहम, घट सव्वादोन व्होल्ट आणि उष्णता ६० वॅटच्या आत. ५० मीटरवर पसरलेली ही उष्णता तार सहज सोसते, इंदूरच्या मे महिन्यातही. आम्ही हीच तार घेतली आणि मगच ३२ अँपिअरची एमसीबी लावली. एमसीबी बदलली खरी, पण तारेच्या नंतर.

आणखी काही गोष्टी सांभाळाव्यात :

१. तारेवर आयएसआय चिन्ह व 'आयएस ६९४' हा क्रमांक पाहावा. एकच जिना असेल तर कमी धूर करणारे, आग न पसरवणारे आवरण असलेली तार घ्यावी.

२. जुनी ॲल्युमिनियमची व नवी तांब्याची तार नुसती पिळून जोडू नये. असा जोड ढिला होतो, गंजतो आणि तापतो.

३. जुन्या इमारतींत अर्थिंगची तिसरी तार अनेकदा नसतेच. ती नव्याने ओढावी आणि घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवावी.

४. मंजूर भार कमी असेल तर वीज कंपनीकडे वाढवून घ्यावा. काम परवानाधारकाकडूनच करवावे. घरच्या कोणी तारेला हात लावू नये.

विद्यार्थ्यांसाठी गृहपाठ : घरातल्या उपकरणांवर लिहिलेले वॅट वहीत उतरवा, एकदम चालणाऱ्यांची बेरीज करा, २३० ने भागा. उत्तर आई-बाबांना दाखवा आणि विचारा, "आपली तार एवढे सोसते का?" पालकांना उत्तर ठाऊक नसेल, तर त्याच आठवड्यात तार तपासून घ्यावी, ही विनंती.

आपला,
मुख्याध्यापक