सोमलाची साक्ष

निफाड हे न्यायमूर्ती रानड्यांचे जन्मगाव. न्यायाला साक्ष लागते. पण विषप्रयोगात खरा साक्षीदार बहुधा एकच असतो, आणि तोही मेलेला!

१८७४ साली बडोद्याचे रेसिडेंट कर्नल फेर यांच्या सरबतात सोमल निघाला. दोन घोट घेऊन त्यांनी पेला ओतून दिला, म्हणून ते वाचले. साक्ष दिली ती पेल्यातल्या गाळाने. पुढे मल्हारराव गायकवाडांची चौकशी झाली आणि १८७५ मध्ये त्यांची गादी गेली.

सारे सरबत पोटात गेले असते तर? वांत्या-जुलाब पाहून लोक पटकीच म्हणाले असते. सोमल मात्र जठरात थांबत नाही. रक्तावाटे तो यकृत, मूत्रपिंडे, प्लीहा गाठतो. म्हणूनच शवचिकित्सेत हे अवयव तपासणीसाठी राखून ठेवतात. माणूस काही आठवडे तगला, तर सोमल केसांत नि नखांत उतरतो. केस महिन्याला सुमारे १ सेंटिमीटर वाढतो. त्यावरून विष केव्हा दिले याचा अंदाज बांधता येतो. पुरलेल्या देहात ही खूण वर्षानुवर्षे टिकते. फक्त भोवतालची मातीही तपासावी लागते, कारण मातीतही सोमल असतो.

चितेवर मात्र ही साक्ष जवळजवळ पुसली जाते. तेव्हा वाचकहो, शंका असेल तर ती अग्नी देण्यापूर्वीच बोलावी.