मांजर ठेवा, वास नको

गेल्या पावसाळ्यात एक बाई मुलीला घेऊन दवाखान्यात आल्या. मुलगी पहिलटकरीण, तिसरा महिना, उलट्यांनी हैराण म्हणून माहेरी विश्रांतीला आलेली. तपासून झाल्यावर बाईंनी खरा विषय काढला. "डॉक्टर, घरात बोका आहे. शेजारीण म्हणते, पोटातल्या बाळाला त्याचा धोका असतो. शिवाय त्या वासानं हिला घरात बसवत नाही. गावाबाहेर सोडून येऊ का?" मुलीचे डोळे भरून आले. लग्नाआधी तिनेच तो पिल्लू असताना आणला होता.

शेजारीण अगदीच चुकीचे बोलत नव्हती. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीची अंडी बाहेर पडू शकतात आणि गरोदरपणात तो संसर्ग पहिल्यांदाच झाला तर गर्भाला इजा होऊ शकते. पण ताज्या विष्ठेतील अंडी लगेच बाधा करीत नाहीत, त्यांना तयार व्हायला 1 ते 5 दिवस लागतात. म्हणजे घाण रोजच्या रोज उचलली तर धोका पुष्कळ कमी होतो. ती गरोदर बाईने मात्र उचलू नये, घरातल्या दुसऱ्या कोणी उचलावी. बोक्याला कच्चे मांस घालू नये. आणि हाच संसर्ग अर्धवट शिजलेल्या मटणातून, न धुतलेल्या भाजीतून, बागेतल्या मातीतूनही होतो, हे शेजारणीला ठाऊक नसावे!

संध्याकाळी त्याच वाटेने जायचे होते, म्हणून घरी डोकावलो. दारातच उदबत्ती, कापूर आणि फिनाईल यांचा एकत्र भपकारा आला, आणि त्याच्याखालून बोक्याचा वास होताच. आपल्याकडे घरोघरी हीच चूक होते. वास काढायचा सोडून आपण त्याच्यावर दुसरा वास चढवतो. कोंदट खोलीतला धूर दम्याच्या माणसाला मांजरापेक्षा जास्त छळतो, हे मी रोज पाहतो.

ताज्या लघवीला फारसा वास नसतो. जंतू तिच्यातील युरियाचा अमोनिया करतात तेव्हा नाक झोंबते. शिवाय युरिक आम्लाचे क्षार फरशीच्या सांध्यात, गादीच्या कापसात चिकटून बसतात. वरवर पुसले तर उन्हाळ्यात काही वाटत नाही, पावसाळी दमट हवा आली की वास पुन्हा उठतो. म्हणून डाग ओला असतानाच जुन्या फडक्याने दाबून टिपून घ्यावा, घासू नये. मग पाण्यात निम्मे पांढरे व्हिनेगर मिसळून ते त्या जागी मुरू द्यावे, टिपून वाळवावे आणि खाण्याचा सोडा रात्रभर भुरभुरून ठेवावा. सकाळी झाडून घ्यावे. (संगमरवरी फरशीला व्हिनेगर लावू नका, ती खराब होते.) जुन्या डागांसाठी एन्झाइमची द्रावणे आता मिळतात, ती चांगली आहेत. गाद्या-गोधड्यांना कडक ऊन द्यावे.

फिनाईलचा धडा मात्र मी घरीच शिकलो. एकदा आमच्या सौ. घरी नसताना मी उत्साहाने काळे फिनाईल जरा सढळ हाताने ओतून फरशी पुसली. आमची मनी ओल्या फरशीवरून चालली आणि सवयीप्रमाणे पंजे चाटत बसली. तासाभरात तोंडातून लाळ, पाय लटपटत. जनावरांच्या डॉक्टरांनी तिला वाचवले आणि मला चार शब्द सुनावले. मांजराच्या यकृताला फिनॉल जातीची द्रव्ये नीट निकामी करता येत नाहीत. पाण्यात दुधाळ होणारी कित्येक जंतुनाशकेही त्याच जातीची असतात. लघवीवर ब्लीचिंग पावडर टाकण्याचाही मोह नको. अमोनियाशी तिचा संयोग होऊन घसा-छाती जाळणारा वायू निघतो. आणि ब्लीच व अॅसिड तर कधीच एकत्र करू नका.

बाईंकडे बोक्याची पेटी होती ती थेट स्वयंपाकघराच्या दाराशी, तीही आठवड्याने साफ होणारी. मांजर स्वभावाने स्वच्छ, घाणेरड्या पेटीत ते जात नाही, कोपरा शोधते. पेटी मागच्या पडवीत हलवली, वाळू रोज उपसायचे काम धाकट्या भावाने घेतले, आठवड्याला पेटी उकळत्या पाण्याने धुवायचे ठरले. बोका दारे-भिंतींवर पिचकाऱ्याही मारीत होता. त्याला सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन खच्ची करून आणायला सांगितले. जंताचे औषधही तिथेच द्यायला सांगितले. बोका वारंवार बसून जोर करतो पण लघवी होत नाही असे दिसले, तर वासाचा विचार नको, त्याच दिवशी जनावरांचा डॉक्टर गाठा. मूत्रमार्ग तुंबला तर एक-दोन दिवसांत जीव जातो.

महिन्याभराने मुलगी तपासणीला आली तेव्हा वजन दीड किलोने वाढले होते. उलट्या थांबल्या होत्या. "आई आता उदबत्ती फक्त देवापुढे लावते," ती म्हणाली.