मेदोरोगावर शस्त्र आणि सुई

आपल्या समाजांत रोगी पुष्कळ आहेत. परंतु ज्याच्या रोगाची त्याच्या तोंडावर थट्टा करण्यास कोणासही संकोच वाटत नाहीं असा रोगी एकच, आणि तो म्हणजे लठ्ठ मनुष्य. दमेकऱ्यावर ‘श्वास नीट घे’ म्हणून कोणी रागावत नाहीं. लठ्ठ मनुष्यास मात्र एकाच पंक्तींत ‘आणखी एक पोळी घ्याच’ हा आग्रह आणि ‘जिभेला जरा आवर घाला’ हा उपदेश, असे दोन्ही पदार्थ वाढले जातात. अलीकडे यांपैकीं कोणी जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया करवून घेतली, किंवा आठवड्याची सुई सुरू केली, असें कानांवर आलें कीं तिसराही पदार्थ येतो: ‘चार घांस कमी खाल्ले असते तर पोट कापावें लागलें नसतें!’ हा आक्षेप सुशिक्षित घरांतूनच अधिक ऐकूं येतो, म्हणून त्याची थोडी तपासणी करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

संयमाचें माहात्म्य सांगणाऱ्यांस आम्ही प्रथम चरकाकडे नेऊं इच्छितों. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील एकविसाव्या अध्यायांत निंदित शरीराचे आठ प्रकार सांगून, त्यांतील अतिस्थूल व अतिकृश या दोहोंचा विशेष विचार केला आहे. स्थौल्याचीं कारणें देतांना अतिभोजन, गोड व स्निग्ध पदार्थ, व्यायामाचा अभाव, दिवसाची झोंप हीं तर आचार्य देतातच. पण त्याच यादींत ‘बीजस्वभाव’ हाही शब्द घालतात. म्हणजे आईबापांकडून आलेली प्रकृति. पुढें अतिस्थूलाचे जे आठ दोष मोजले आहेत, त्यांत अतिशय भूक आणि अतिशय तहान यांचा समावेश आहे. मेदानें मार्ग अडल्यामुळें वायु कोठ्यांत फिरतो, अग्नि भडकवितो, खाल्लेलें लवकर जिरतें आणि पुन्हां अन्नाची इच्छा होते, अशी त्यांची उपपत्ति. ती आज कोणी तशीच मान्य करणार नाहीं. परंतु भूक हें या रोगाचें लक्षण आहे, रोग्याचा अपराध नव्हे, हें निरीक्षण पक्कें आहे.

आधुनिक शास्त्र निराळ्या वाटेनें तेथेंच पोंचलें. १९९९ सालीं जपानांतील कोजिमा व कांगावा या संशोधकांनीं जठरांतून स्रवणारें ‘घ्रेलिन’ नांवाचें द्रव्य शोधून काढलें. जेवणापूर्वीं तें रक्तांत वाढतें आणि मेंदूस भुकेची वर्दी देतें. २०११ सालीं मेलबर्न येथील संशोधकांनीं कांहीं स्थूल माणसांस दहा आठवडे अत्यल्प आहारावर ठेवून त्यांचें वजन उतरविलें. एक वर्षानंतर पाहतात तों घ्रेलिन चढलेलेंच, भूक पूर्वीपेक्षां अधिक, आणि वजन पुन्हां वाढूं लागलेलें. उतरलेलें वजन ही शरीरास दुष्काळाची खूण वाटते, व तें आपली कोठारें भरण्याची खटपट करूं लागतें. एकादशी करणारा दुसऱ्या दिवशीं पारणें फेडतो. या माणसांची एकादशी मात्र संपतच नाहीं. (आपली एकादशी म्हणजे साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याचें कूट आणि तळलेले पापड, ही गोष्ट निराळी.)

वजन किती झालें म्हणजे जास्त समजावें? बेल्जममधील केतले नांवाच्या गणितज्ञानें १८३२ सालीं दिलेली रीत आजही चालते. किलोंतील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गानें भागावें. १६० सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीचें वजन ६४ किलो असल्यास उत्तर २५ येतें. युरोपांत स्थौल्य ३० पासून धरतात; भारतीयांत तें २५ पासूनच धरावें असें आपल्याकडील तज्ज्ञांनीं २००९ सालीं ठरविलें. याचें कारण पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं २००४ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें एका छायाचित्रानें दाखवून दिलें. छायाचित्रांत स्वतः याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन. दोघांचाही अंक २२.३, परंतु युडकिन यांच्या शरीरांत मेद ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरांत २१.२ टक्के. तेव्हां ‘आमच्या घरांत कोणी लठ्ठ नाहीं’ असें म्हणणाऱ्यांनीं कमरेचा घेरही एकदां मोजून पाहावा.

आतां शस्त्राकडे वळूं. अमेरिकेंतील आयोवा विद्यापीठांत डॉ. मेसन यांस असें दिसलें कीं, व्रणासाठीं जठराचा भाग काढून टाकलेल्या रोग्यांचें वजन सहसा वाढत नाहीं. यावरून १९६६ सालीं त्यांनीं स्थौल्यासाठीं बायपास नांवाची शस्त्रक्रिया केली. आज ती दुर्बिणीनें, लहान लहान छिद्रांतून होते. तिच्यांत जठराचा अंड्याएवढा कप्पा वेगळा करून लहान आंतड्यास बऱ्याच खालीं जोडतात. दुसरा प्रकार ‘स्लीव्ह’ हा होय. त्यांत जठराचा सुमारें तीन चतुर्थांश भाग कायमचा काढून केळ्याच्या आकाराची नळी तेवढी ठेवतात. पिशवी लहान केली म्हणून माणूस कमी खातो, एवढाच याचा अर्थ नव्हे. घ्रेलिन मुख्यतः त्या काढलेल्या भागांत तयार होत असल्यामुळें भूकच मंदावते. आणि बायपासनंतर पुष्कळ मधुमेह्यांची साखर वजन उतरण्याच्या आधींच, थोड्या दिवसांत, खालीं येते.

स्वीडनमध्यें १९८७ सालीं सुरू झालेल्या मोठ्या पाहणींत, दहा वर्षांनंतरही बायपास झालेल्यांचें वजन मूळच्यापेक्षां सुमारें पाव हिश्श्यानें कमी होतें. ज्यांस केवळ नेहमींचे उपचार मिळाले त्यांचें जवळजवळ जागेवरच राहिलें. शस्त्रक्रिया झालेल्या गटांत मृत्यूही कमी झाले. जोखीम नाहीं असें नाहीं. चांगल्या केंद्रांतही हजारांत एक ते तीन रोगी पहिल्या महिन्यांत दगावतात. म्हणून कोणासाठीं, हा प्रश्न महत्त्वाचा. २०२२ सालीं शल्यतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनीं ३५ च्या वर सर्वांस, मधुमेहासारखा विकार असल्यास ३० पासून, व आशियाई लोकांस २७.५ पासून ती देऊं करावी, असें सांगितलें आहे.

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचें वजन १२० किलोंवर गेलें होतें. मधुमेह होताच, शिवाय झोंपेंत श्वास अडकत असे. त्याच्या मातोश्री आम्हांस म्हणाल्या, “गुरुजी, तुम्हीच सांगा याला. देवानें दिलेलें पोट कापून घ्यायचें का?” आम्हीं विचारलें, “आई, तुमच्या डोळ्यांतलें भिंग देवानेंच दिलेलें आहे काय?” गेल्याच वर्षीं त्यांचा मोतीबिंदु काढला होता. त्या हंसल्या, पण त्यांची खरी भीति पुढेंच निघाली. “मग हा जेवणार काय?”

हा प्रश्न मात्र कोणत्याही डॉक्टरानें विचारावा इतका योग्य होता. शस्त्रक्रियेनंतर पहिले कांहीं आठवडे द्रव, नंतर कालविलेलें मऊ अन्न, मग हळूहळू नेहमींचें. तेंही चार चमचे, चावून चावून, आणि जेवतांना पाणी नाहीं. दिवसास निदान ६० ग्रॅम प्रथिनें पोटांत गेलीं पाहिजेत. जेथें ताटांत मांसमत्स्य नाहीं व वरणभात हेंच मुख्य अन्न, तेथें हा हिशेब जुळविणें सोपें नाहीं. पनीर, चक्का, मुगाचें धिरडें, सोयाबीन यांस पहिला मान. भात राहिला तर राहिला. शाकाहारी घरांत बी-१२ जीवनसत्त्व आधींच तुटपुंजें असतें; आतां तें, लोह व कॅल्शियम हीं जन्मभर घ्यावीं लागतात. आणि बायपास झालेल्यानें श्रीखंडाची वाटी संपविली तर घाम, धडधड, पोटांत कळा, असा प्रसंग ओढवूं शकतो. मातोश्रींनीं हें सारें वहींत लिहून घेतलें. आतां त्या घरीं ‘आणखी वाढूं का’ हा प्रश्न बंद आहे. मुलाचें वजन दोन वर्षांत ८२ किलोंवर आलें. त्यानें केवढा संयम पाळला, असें शेजारीपाजारी म्हणतात. त्याचें म्हणणें असें कीं, जन्मांत प्रथमच त्यास पोट भरल्याची जाणीव वेळेवर होते.

औषधांचा पूर्वेतिहास फारसा भूषणावह नाहीं. १९३३ च्या सुमारास अमेरिकेंत डायनायट्रोफेनॉल घेऊन लोक बारीक झाले, पण कित्येकांस मोतीबिंदु झाला व कांहीं दगावले. १९३८ सालीं तें बंद पडलें. १९९७ सालीं हृदयाच्या झडपा बिघडतात म्हणून फेनफ्लुरामिन गेलें, २०१० सालीं सिब्यूट्रामिन. लोकांनीं नव्या औषधाकडे संशयानें पाहावें यांत नवल नाहीं.

आजच्या सुयांचा उगम गमतीचा आहे. अमेरिकेच्या वाळवंटांत गिला मॉन्स्टर नांवाचा विषारी सरडा आहे. त्याच्या विषांत सांपडलेल्या द्रव्यावरून बनलेलें औषध २००५ सालीं मधुमेहासाठीं आलें. जेवणानंतर आपल्या आंतड्यांतून जें जीएलपी-१ स्रवतें व मेंदूस ‘पुरें’ असें सांगतें, त्याचेंच काम तें करतें. त्याच जातीचें सेमाग्लुटाइड आठवड्यांतून एकदां घेतल्यास ६८ आठवड्यांत वजन सरासरी १५ टक्क्यांनीं उतरतें, असें २०२१ सालीं दिसून आलें. २०२२ सालीं टिर्झेपटाइडच्या सर्वांत मोठ्या मात्रेनें सुमारें २१ टक्के. २०२५ सालीं वजनासाठीं दोन्हीही भारतांत मिळूं लागलीं. मळमळ, उलटी, बद्धकोष्ठ हे त्रास पुष्कळांस होतात, म्हणून मात्रा हळूहळू चढवावी लागते. पित्ताशयांत खडे होतात. क्वचित् स्वादुपिंडास सूज येते. मेदाबरोबर मांसही झडतें, यासाठीं प्रथिनें व अंगमेहनत सोडून चालत नाहीं. आणि सुई थांबविल्यावर एका वर्षांत उतरलेल्या वजनापैकीं दोन तृतीयांश परत आलें, असाही अनुभव नोंदलेला आहे. रक्तदाबाची गोळी बंद केली कीं दाब चढतो, त्यांतलाच हा प्रकार.

म्हणूनच लग्नाच्या तारखेवर नजर ठेवून चार महिन्यांपुरती सुई घेण्याची जी टूम निघाली आहे, ती आम्हांस मुळींच मान्य नाहीं. मुलगी दाखविण्यापूर्वीं तिला सुई टोंचविणाऱ्या आईबापांनीं एवढें तरी ध्यानांत घ्यावें कीं, गर्भधारणेच्या निदान दोन महिने आधीं सेमाग्लुटाइड बंद करावें लागतें, आणि शस्त्रक्रिया झाली असल्यास वर्ष-दीड वर्ष मूल होऊं देऊं नये असें डॉक्टर सांगतात. ही गोष्ट सासरघरापासून लपवून पुढें कसें निभावणार?

वडील मंडळींसाठीं एक व्यवहारी सूचना. या सुईनें जठर सावकाश रिकामें होतें. म्हणून दुसऱ्या कोणत्याही कारणानें भूल घेण्याचा प्रसंग आला तर, आपण ही सुई घेत आहों व शेवटची कोणत्या वारीं घेतली, हें भूल देणाऱ्या डॉक्टरांस आधीं सांगावें. रात्रभर उपाशी राहूनही पोटांत अन्न शिल्लक असूं शकतें, आणि बेशुद्धींत तें वर येऊन फुप्फुसांत गेल्यास जिवावर बेततें.